ग्रीक अंक लिहून देणारी साधनं: ९९६च्या कसोटीवर कोण टिकतं?

ग्रीक अक्षरांनी क्रमांक घालायचे असतील तर हाताशी असलेलं साधन आधी एकाच आकड्यावर तपासावं: ९९६. ग्रीक अंकलेखनात ९००साठी साम्पी, ९०साठी कोप्पा आणि ६साठी स्टिग्मा लागतं. अल्फा ते ओमेगा या २४ अक्षरांत यांतलं एकही नाही. वर्णमाला म्हणजेच अंकमाला असं धरून बनवलेलं साधन इथे लगेच उघडं पडतं. ६६६ या प्रसिद्ध संख्येवर भागवू नये, कारण तिच्यात काय (काय-स्क्वेअरमधलं), क्साय आणि स्टिग्मा येतात, म्हणजे जुनं चिन्ह एकच. ९९६मध्ये तिन्ही एकदम तपासली जातात.

या परीक्षणात चार साधनं आहेत: ब्राउझरमधली तयार ‘लोअर-ग्रीक’ यादी, आपणच लिहायचा सीएसएसचा (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) काउंटर-स्टाईल नियम, लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं बेबल-ग्रीक पॅकेज आणि स्प्रेडशीट. मूळ ग्रीक नवा करार शिकवणारे, गणिताच्या इतिहासावर लिहिणारे, ग्रीक नाण्यांची सूची करणारे आणि अशांची पुस्तकं लावून देणारे अक्षरजुळणीकार यांना ती लागतात. निकाल आधीच सांगतो. छापायच्या कामाला बेबल-ग्रीक, वेबपानाला स्वतःचा काउंटर-स्टाईल नियम. लोअर-ग्रीक आकड्यांसाठी वापरूच नये.

ही तीन चिन्हं टिकली का, हे कळल्याशिवाय साधनांमधले दोष नीट दिसत नाहीत. मिलेटस शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत एककांना नऊ, दशकांना नऊ आणि शतकांना नऊ अशी २७ चिन्हं लागतात. शून्याची गरज नाही, कारण १०, २०, १००, २०० यांना आपापलं स्वतंत्र अक्षर आहे. सहाव्या जागेवरचं डिगॅमा (स्टिग्माचं मूळ अक्षर) फिनिशियन ‘वाव’वरून आलेलं, उच्चार ‘व’सारखा. आयोनियन या ग्रीक बोलीतून तो उच्चार गेला आणि शब्दांमधून अक्षरही गेलं. कोप्पा हे ‘क’चंच दुसरं अक्षर. कॅपा असताना त्याचं काम उरलं नाही. शब्दातून एखादं अक्षर गेलं तरी वाचणाऱ्याचं फार अडत नाही. अंकमालेतलं सहावं चिन्ह काढलं तर मात्र झीटा ७चा ६ होतो, ईटा ८चा ७ होतो आणि त्याआधी लिहिलेला प्रत्येक हिशेब चुकीचा वाचला जातो. म्हणून उच्चार मेले तरी जागा राहिल्या. आपल्याकडे कटपयादीत (अक्षरांनी अंक लिहायच्या जुन्या पद्धतीत) ‘ङ’ने ५ची जागा धरलेली असते तसंच हे. ‘ङ’ने सुरू होणारा शब्द शोधून सापडत नाही, पण त्याला वगळून पुढे मोजता येत नाही.

कोप्पाच्या जागेत एक बारीक गोष्ट आहे. हिब्रू अंकांत पे ८०, त्सादे ९० आणि कोफ १००. ग्रीकमध्ये पाय ८० आणि लगेच कोप्पा ९०, कारण त्सादेची जागाच या क्रमातून गळलेली आहे. त्यामुळे पुढचं ऱ्हो १०० होतं, हिब्रूतलं रेश मात्र २००. हिब्रू अंकांचं कोष्टक घेऊन त्यात नुसती ग्रीक अक्षरं बसवली की ८०च्या पुढचं सगळं चुकतं. साम्पीचं वेगळं. हालिकार्नासस, एफेसस अशा काही आयोनियन शहरांत ते दुहेरी ‘स’च्या जागी लिहिलं जाई. अंकमालेत त्याला ओमेगाच्या मागे, थेट शेवटी, ९०० म्हणून जागा मिळाली.

६च्या आकाराचा प्रश्न सगळ्यांत जास्त त्रास देतो. मुळात तो रोमन ‘एफ’सारखा होता. हस्तलेखनात वळत वळत शेपटीच्या ‘सी’सारखा झाला आणि बायझंटाईन लिपीत सिग्मा-टाऊच्या जोडाक्षराशी हुबेहूब जुळला. त्यातूनच स्टिग्मा हे नाव आलं. आजच्या ग्रीसमध्ये तर ६साठी सरळ सिग्मा आणि टाऊ ही दोन अक्षरं लिहितात. तिथल्या प्राथमिक शाळेचा सहावीचा वर्ग तसाच लिहिला जातो. म्हणजे ६ची दोन रूपं बरोबर आहेत: प्राचीन किंवा चर्चच्या मजकुरात स्टिग्मा, आधुनिक ग्रीक वाचकासाठी सिग्मा-टाऊ. दोन्ही देऊ शकणारं साधन चांगलं. तिसरं एक रूप सर्रास दिसतं, शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा. ते चूक आहे, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आता साधनं. लोअर-ग्रीक हा सीएसएसमधला तयार पर्याय. ‘देवनागरी’ जसा यादीला एका शब्दात लावता येतो तसाच. नाव पाहून वाटतं की हे ग्रीक अंक असतील. प्रत्यक्षात ती २४ अक्षरांची वर्णक्रमी मोजणी आहे. सहाव्या मुद्द्याला झीटा लागतं, ज्याचा अर्थ ७. दहाव्याला कॅपा लागतं, म्हणजे २०. चोविसाव्याला ओमेगा, म्हणजे ८००. पंचविसाव्याला अल्फा-अल्फा येतं, आणि ग्रीक अंकांत तसं काही लिहितच नाहीत. पाच मुद्द्यांपर्यंत दोन्ही पद्धती जुळतात, त्यामुळे छोट्या यादीवर चाचणी घेणाऱ्याला दोष दिसतही नाही. कवितेच्या कडव्यांना अ-ब-क घालावं तशा कामाला हा पर्याय ठीक. प्रकरण, अध्याय, श्लोक अशा क्रमांकांना नाही. यात ब्राउझरची चूक नाही, मानकातच तशी व्याख्या आहे. म्हणून पुढच्या आवृत्तीत सुधारणा होईल अशी वाट पाहण्यातही अर्थ नाही.

काउंटर-स्टाईल नियम लिहायला साधारण अर्धा तास लागेल, पण एकदा लिहिला की कायमचा. पद्धत ‘अॅडिटिव्ह’ (बेरजेची) निवडायची आणि प्रत्येक किमतीपुढे तिचं चिन्ह द्यायचं. ब्राउझर सर्वांत मोठ्या किमतीपासून वजा करत खाली येतो: ९९६मधून ९०० गेले, साम्पी, उरलेल्या ९६मधून ९० गेले, कोप्पा, उरले ६, स्टिग्मा. १ ते ९९९साठी २७ नोंदी लागतात. हजारांसाठी आणखी नऊ, म्हणजे एकूण ३६. हजाराच्या नोंदीत अक्षराच्या डावीकडे खाली येणारी रेघ (युनिकोड, म्हणजे संगणकातल्या चिन्हांच्या ठरलेल्या यादीत, क्रमांक ८८५) आणि मग अल्फा ते थीटा: १०००ला रेघ-अल्फा, ६०००ला रेघ-स्टिग्मा. आधुनिक ग्रीकसाठी ६च्या नोंदीत स्टिग्माऐवजी सिग्मा-टाऊ लिहिलं की झालं. हे लवचीकपण या पद्धतीचा मोठा गुण.

यात तीन ठिकाणी घात होतो. पहिलं, नोंदी काटेकोरपणे उतरत्या किमतीने असाव्या लागतात. ९० आणि १००ची अदलाबदल झाली तर पूर्ण यादीच अवैध ठरते आणि पानावर साधे आकडे येतात. चूक कुठे झाली हे पान सांगत नाही, त्यामुळे ग्रीकऐवजी साधे आकडे दिसले की आधी नोंदींचा क्रम पाहावा. दुसरं, मर्यादा १ ते ९९९९ अशी स्वतः द्यावी. ती न दिल्यास ब्राउझर १०,००० हे ९०००चं चिन्ह आणि त्यापुढे १०००चं चिन्ह असं जोडून लिहितो. ग्रीक लोक दहा हजारांना ‘मिरियड’ धरून म्यूच्या खुणेने लिहीत. हे जोडकाम कुणालाच वाचता येणार नाही. तिसरं, संख्येच्या शेवटी वर येणारी तिरकी रेघ, केराइया (८८४). ती प्रत्यय म्हणून दिली तर यादीत बरोबर दिसते, पण तोच क्रमांक मजकुरात दुसरीकडे काउंटर फंक्शनने ओढला की प्रत्यय सोबत येत नाही. तिथे ती वेगळी लिहावी लागते. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१४पासून, क्रोममध्ये २०२१पासून, सफारीत २०२३पासून आहे. जुन्या आयफोनवर साधे आकडे दिसतील, ही मर्यादा मान्य करूनच वापरावं.

बेबल-ग्रीक मात्र मनापासून आवडावं असं आहे. ‘ग्रीकन्यूमरल’ या आज्ञेला साधी संख्या दिली की १पासून ९,९९,९९९पर्यंत अचूक रूप मिळतं, हजाराच्या खालच्या रेघेसह आणि शेवटच्या केराइयासह. शून्य किंवा ऋण संख्या दिली तर चूक गिळून न टाकता ती अवैध असल्याचं सांगतं. १९९६ दिलं की रेघ-अल्फा, साम्पी, कोप्पा, स्टिग्मा, केराइया अशी पाच खुणांची ओळ छापून येते. ज्यांनी हे पॅकेज केलं त्यांना अंकमाला आणि वर्णमाला यांतला फरक नीट माहीत होता, हे वापरताना जाणवतं.

मराठी पुस्तकात वापरताना अडचण फॉन्टची येते. देवनागरी लावायला झीलेटेक किंवा ल्युआलेटेक (लेटेकचीच युनिकोड फॉन्ट चालवणारी रूपं) घेतलेलं असतं, मुख्य फॉन्ट देवनागरी असतो, आणि त्यात ग्रीक असेलच असं नाही. असलं तरी ही तीन चिन्हं बहुधा नसतात. मग साम्पीच्या जागी रिकामी चौकट येते, नाहीतर काहीच येत नाही. ‘काहीच येत नाही’ हे अधिक वाईट, कारण ९९६चे ९६ झालेले कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावर दोन उपाय, आणि दोन्ही करावेत. बेबलफॉन्ट आज्ञेने ग्रीकसाठी स्वतंत्र फॉन्ट नेमावा. एसआयएल संस्थेचा जेन्टियम प्लस मोफत आहे आणि त्यात तिन्ही चिन्हं लहान-मोठ्या दोन्ही रूपांत आहेत. शिवाय फॉन्टमध्ये न सापडलेल्या चिन्हांची नोंद घेणाऱ्या ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ची किंमत ३ ठेवावी. टेक लाइव्ह (लेटेकचा तयार संच) २०२१पासून या किमतीला न सापडलेलं चिन्ह ही त्रुटी धरली जाते आणि काम तिथेच थांबतं. एरवी ती बाब सूचनांच्या गर्दीत हरवते.

स्प्रेडशीटबद्दल थोडक्यात. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये ‘रोमन’ फंक्शन आहे, ग्रीकसाठी तसं काही नाही. स्वतः बनवायचं तर शतक, दशक, एकक यांच्या नऊ-नऊ अक्षरांच्या तीन माळा घ्याव्यात आणि ‘मिड’ने अंकाच्या जागेचं अक्षर उचलावं. अंक ० असेल तर मिड चूक दाखवतं, कारण शून्याव्या जागेला अक्षर नसतं. त्यासाठी प्रत्येक मिडला ‘इफ’चं कुंपण घालावं. चिन्हं टंकता येत नसतील तर ‘युनिकॅर’मध्ये क्रमांक द्यावा: ९८७ स्टिग्मा, ९९१ कोप्पा, ९९३ साम्पी. दोनशे-तीनशे नोंदींच्या सूचीला हे पुरतं.

हेच क्रमांक इतरत्रही चालतात. वर्डमध्ये ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकडेफलकावर ९८७ टंकलं की स्टिग्मा उमटतं. काही साध्या एडिटरमध्ये मात्र २५५च्या वरचे क्रमांक नीट घेतले जात नाहीत आणि भलतंच चिन्ह येतं. वेबपानात अँपरसँड, हॅश, ९८७ आणि सेमिकोलन असं लिहावं.

सिग्माचा घोटाळा

चारही साधनं बरोबर वापरली तरी बिघाड होऊ शकतो, तो बाहेरून आणलेल्या मजकुरामुळे. शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा (९६२) आणि स्टिग्मा (९८७) बऱ्याच फॉन्टमध्ये जवळजवळ सारखे दिसतात. स्टिग्माची वरची कमान जरा लांब असते, एवढाच फरक. ग्रीक कीबोर्डवर शेवटचा सिग्मा सहज मिळतो, म्हणून टंकणारा तोच वापरतो, आणि ओसीआरही (छापील पानाचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) तोच उचलतो. छापल्यावर फरक दिसत नाही. पण त्या ओळीची मोठी अक्षरं केली की शेवटच्या सिग्माचा साधा मोठा सिग्मा होतो, आणि साधा सिग्मा म्हणजे २००. मथळ्यात ६६६ची संख्या मोठ्या अक्षरांत गेली की काय, क्साय, सिग्मा होते: ६००, ६०, २००. अशी संख्याच नसते. खरं स्टिग्मा वापरलं असतं तर मोठं स्टिग्माच (९८६) आलं असतं.

उलटा प्रकार जास्त फसवा आहे. १२०० मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे रेघ, मोठा अल्फा, मोठा सिग्मा, केराइया, आणि प्रोग्रामने ते लहान केलं. युनिकोडच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटी आलेल्या सिग्माचं शेवटचं रूप होतं, आणि केराइया या तपासणीत मोजली जात नाही. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही हा नियम पाळतात. हाती येतं ते रेघ-अल्फा आणि शेवटचा सिग्मा, आणि वाचणारा ते १००६ वाचतो. म्हणून अंकांवर मोठ्या-लहान अक्षरांची आज्ञा कधीही चालवू नये. दोन्ही रूपं मूळ संख्येपासून स्वतंत्रपणे तयार करावीत.

बिघडलेला मजकूर दुरुस्त करताना केराइयाच्या आधी आलेला शेवटचा सिग्मा शोधावा, पण डोळे मिटून सगळीकडे स्टिग्मा घालू नये. त्याच्या आधी दशकाचं किंवा शतकाचं अक्षर असेल तर तो ६च असणार, कारण शतक नेहमी दशकाआधी येतं. तो एकटाच असेल किंवा फक्त हजाराच्या मागे असेल तर ६ही असू शकतो आणि २००ही. तिथे मागचा-पुढचा क्रमांक पाहूनच ठरवावं लागतं. शोधताना केराइयाचीही एक गंमत ध्यानात ठेवावी: मजकूर युनिकोडच्या सामान्यीकरणातून (समान धरलेली चिन्हं एकरूप करण्यातून) गेला असेल तर ८८४ची खूण ६९७ होते. दिसायला तीच, पण ८८४चा शोध घेतला तर काही सापडत नाही. आणि कीबोर्डवरचा साधा अपॉस्ट्रफी वापरला असेल तर वर्ड त्याचं वळलेलं अवतरणचिन्ह करून टाकतं.

यादीचा क्रम लावतानाही तीच तीन चिन्हं आडवी येतात. २७ चिन्हं त्यांच्या अंकक्रमात ठेवली तर १ ते ९९९ या सगळ्या संख्या शब्दकोशासारख्या लावल्या तरी बरोबर चढत्या क्रमाने येतात. थीटा (९) नंतर आयोटा (१०), आयोटा-थीटा (१९) नंतर कॅपा (२०), कोप्पा-थीटा (९९) नंतर ऱ्हो (१००). मोजणीचा क्रम आणि अक्षरांचा क्रम इतका तंतोतंत जुळतो, ही या पद्धतीतली फार देखणी गोष्ट आहे. पण पायथनची साधी क्रमवारी युनिकोड क्रमांकावर चालते. तिथे ओमेगा ९६९ आणि स्टिग्मा ९८७, म्हणून सहावं प्रकरण आठशेव्याच्या मागे जाऊन बसतं. युनिकोडच्या कोलेशन (अक्षरक्रमाच्या) नियमाने क्रम लावला तर स्टिग्मा एप्सिलॉन आणि झीटाच्या मध्ये येतं, कोप्पा पाय आणि ऱ्होच्या मध्ये, साम्पी ओमेगानंतर. त्याहून सोपं म्हणजे शेजारच्या रकान्यात साधी संख्या ठेवून तिच्यावरच क्रम लावणं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही चिन्हं अक्षरंच आहेत. युनिकोडने त्यांना अंकमूल्य दिलेलं नाही, म्हणून स्टिग्माची किंमत ६ आहे हे कुठलीही प्रोग्रामिंग भाषा आपण सांगितल्याशिवाय ओळखणार नाही.

नाण्यांची सूची करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. कोप्पाची दोन रूपं आहेत. काठीवर वर्तुळ असं जुनं अक्षर आणि विजेच्या नागमोडी रेघेसारखा अंक. युनिकोडमध्ये सुरुवातीला कोप्पाच्या नावाने एकच मोठं चिन्ह (९९०) होतं. लहान रूप १९९९च्या ३.० आवृत्तीत आलं आणि जुन्या अक्षराला ९८४-९८५ ही वेगळी जागा २००२च्या ३.२ आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ९९०वर यांपैकी कुठलंही रूप असू शकतं. कॉरिंथ या ग्रीक शहराच्या नाण्यांवर पेगॅससच्या (पंखांच्या घोड्याच्या) खाली दिसतो तो कोप्पा शहराच्या नावाचं पहिलं अक्षर आहे, ९० हा अंक नव्हे. सूचीत तिथे ९८४ वापरावं. अंकाचं ९९० टाकलं तर नाण्यावर नसलेली नागमोडी रेघ सूचीत छापली जाते, आणि सूचीत कॉरिंथची नाणी शोधणाऱ्याला ते नाणं सापडत नाही.